किल्ल्यांची वीस वर्षं जुनी वेबसाईट: नव्याने करू, बंद करू, की आहे तशी सांभाळू?

प्रश्न (पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून): आम्ही पाच-सहा मित्रांनी २००६ साली किल्ल्यांची माहिती देणारी वेबसाईट मराठीत सुरू केली. जवळपास दीडशे किल्ले आहेत, जायचं कसं, पाणी कुठे, राहायची सोय, इतिहास, फोटो. सुरवातीची पानं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत, २०१२ नंतरची वर्डप्रेसवर (साईट चालवायची तयार प्रणाली). आता बाकीचे मित्र संसारात अडकले, मी एकटाच बघतो, तेही सहा महिन्यांतून एकदा. मागच्या पावसाळ्यात साईट हॅक झाली, गुगलवर आमच्या नावाखाली भलत्याच भाषेतली पानं दिसायला लागली. मोबाईलवर अर्धी साईट वाचता येत नाही. एका डेव्हलपरने सगळं नव्याने करून द्यायचे नव्वद हजार सांगितलेत. ग्रुपमधली नवीन मुलं म्हणतात, काका सोडा आता, इन्स्टाग्राम पेज काढू, लोक गुगल मॅप बघतात नाहीतर एआयला विचारतात, वेबसाईट कोण उघडतंय. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, अजून एका मित्राच्या नावावर आहे, तो कॅनडात असतो. मी पन्नाशी ओलांडली. पैसे घालून नवीन करावी, का बंद करावी? मनातून बंद करवत नाही.

उत्तर:

मनातून बंद करवत नाही हे तुम्ही शेवटी लिहिलंय, मी ते पहिलं वाचलं. माझंही मत तेच आहे, बंद करू नका. पण नव्वद हजारही लगेच देऊ नका. तुमच्या पत्रात दोनच रस्ते आहेत, सगळं नवीन नाहीतर सगळं बंद, आणि तिसरा रस्ता जो बहुतेक जुन्या साईट्सना खरा लागू पडतो तो त्यात नाहीये, म्हणजे जे आहे ते थोडं थोडं करत दुरुस्त करत राहणं. दिसायला जुनी झाली म्हणजे साईट संपली असं आपण धरून चालतो. तुमच्या साईटवरची मोलाची गोष्ट म्हणजे दीडशे किल्ल्यांवर स्वतः पायी जाऊन लिहिलेला मजकूर आणि त्या पानांचे वर्षानुवर्षं तेच असलेले पत्ते, म्हणजे लिंका. डिझाईन कधीही बदलता येतं. मजकूर आणि पत्ते गेले की परत मिळत नाहीत.

पण हे सगळं बोलायच्या आधी एक काम आज रात्रीच करा, कॅनडाच्या मित्राला फोन लावा. हॅकिंगपेक्षा, फॉन्टपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली. डोमेन ज्याच्या अकाउंटला आहे त्याच्याच ईमेलवर रिन्यू करायच्या आठवणी जातात, आणि २००६ साली दिलेला ईमेल तो आज बघत असेल याची काय खात्री. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे (म्हणजे नाव विकणारी कंपनी) काही दिवस, जास्तीत जास्त ४५, साध्या फीमध्ये रिन्यू करता येतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा काळ असतो त्यात दणकून फी लागते, मग ५ दिवसांनी नाव सगळ्या जगाला खुलं. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलावाला काढतात. आणि जुनी, ठिकठिकाणाहून लिंका मिळालेली नावं विकत घ्यायला लोक टपलेलेच असतात, कारण त्या लिंकांच्या जोरावर त्यांना जुगाराची नाहीतर औषधांची पानं वर आणता येतात. उद्या एखाद्या पुस्तकात किंवा विकिपीडियावर तुमच्या राजगडाच्या पानाचा संदर्भ असेल आणि वाचणारा तिथे जाऊन सट्ट्याच्या साईटवर पोचेल. त्यामुळे मित्राला सांगा, अकाउंटचा ईमेल आणि फोन बदल, किंवा डोमेन माझ्या अकाउंटला ट्रान्सफर कर. तो नाही म्हणणार नाही, त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं. नाव तुमच्याकडे आलं की एकदम जास्त वर्षांचं रिन्यू करून टाका, डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत भरता येतं, खर्च वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या घरात.

दुसरं काम बॅकअप. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साईट ठेवलेली असते ते, घेतात असं सगळे म्हणतात, पण त्यांच्याकडचा बॅकअप त्यांच्याच सर्व्हरवर, आणि पैसे भरायचे राहिले की साईटबरोबर तोही जातो. फाईल्स आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्या (फक्त फोल्डर कॉपी केला की वर्डप्रेसचा सगळा मजकूर मागेच राहतो, तो डेटाबेसमध्ये असतो), एक कॉपी घरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या कोणाच्या घरी किंवा क्लाऊडवर. आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा तरी उघडून बघा. मराठी साईट असली तर हे दुप्पट गरजेचं. डेटाबेस काढताना किंवा चढवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलं तर दोन प्रकारे वाट लागते. एकात देवनागरीच्या जागी à सारखी विचित्र रोमन अक्षरं दिसतात, ती बघून धसका बसतो पण मजकूर बहुतेक वेळा आत शाबूत असतो आणि जाणकार माणूस तो परत आणू शकतो. दुसऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं येतात, ओळीच्या ओळी, आणि तशीच सेव्ह झाली असली तर त्या कॉपीतून मराठी कायमची गेली. साईट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवल्यानंतर हे बरेचदा घडतं आणि जुना होस्ट बंद केल्यावर लक्षात येतं. तेव्हा हलवायची वेळ आली तर जुनं होस्टिंग एक-दोन महिने चालू ठेवा, तेवढे पैसे जाऊ द्या.

जुने मूळ फोटो सीडींवर असतील तर त्याही याच आठवड्यात कॉपी करा. त्या काळच्या घरी राईट केलेल्या सीड्या किती दिवस वाचल्या जातील सांगता येत नाही.

आता हॅकिंगचं. हॅकरला तुमच्याशी काही वैर नाही, जुनं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेला छोटा प्रोग्राम) दिसलं की त्यांचे प्रोग्राम आपोआप घुसतात. गुगलमध्ये इंग्रजीत साईट लिहून कोलन देऊन पुढे आपलं डोमेन टाका, गुगलला तुमची कुठली कुठली पानं माहीत आहेत ती यादी येते, त्यात भलत्या भाषेतलं काही दिसलं तर घाण अजून साफ झालेली नाही. वर्डप्रेसमध्ये युझर्सची यादी उघडा, तुम्ही ओळखत नाही असा कोणी ॲडमिन बसलाय का बघा, मित्रांचे जुने ॲडमिन लॉगिन असतील तर तेही काढा. न वापरलेली प्लगइन्स नुसती बंद करू नका, डिलीट करा. कोणी कधी फुकटात मिळालेली 'प्रीमियम' थीम टाकली असेल तर ती सगळ्यात आधी उडवा. आणि होस्टिंगवर पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) कुठलं व्हर्जन आहे ते विचारा, ७.४ ला सुद्धा नोव्हेंबर २०२२ नंतर सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत, तुमचं त्याहून जुनं असायची दाट शक्यता आहे. ॲड्रेस बारमध्ये 'नॉट सिक्युअर' येत असेल तर एसएसएल सर्टिफिकेट लावून घ्या, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगमध्ये एका बटणाचं काम आहे. एवढं सगळं कोणा जाणकाराकडून करून घेतलंत तरी दोन-तीन दिवसांचं काम आहे, ते पैसे देऊन जरूर करून घ्या.

तुमच्याकडे गेस्टबुक किंवा कॉमेंट असतील आणि त्यात नुसता स्पॅम येत असेल तर नवीन लिहिणं बंद करा, जुन्या खऱ्या नोंदी राहू द्या. त्यात कोणीतरी २००८ साली वाट चुकल्याचं लिहिलेलं असतं, ते कामाचं असतं.

शिवाजी फॉन्टच्या पानांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण असं जुनं मराठी अजून कितीतरी जणांकडे पडून आहे. तुम्हाला जिथे 'दुर्ग' दिसतो तिथे फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली आहेत, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणजे आजचा प्रत्येक मोबाईल, त्याला कचरा दिसतो, आणि गुगललाही तो कचराच दिसतो. तेव्हा 'साईट कोणी बघत नाही' याचं निम्मं कारण हे असू शकतं की ती पानं शोधून सापडतच नाहीत! लोकांना नकोय आणि लोकांना सापडत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बंद करायचं ठरवायच्या आधी नक्की कुठली आहे ते बघायला हवं ना. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उलटा, त्यामुळे कन्व्हर्टर गडबडला की 'मार्गाने'चं 'मागार्ने' होतं आणि 'सर्व'चं 'सवर्'. जोडाक्षरंही तुटतात. आकडे मुद्दाम मुळाशी ताडून बघा, उंची, अंतर, लागणारा वेळ. एक माणूस मूळ पान वाचतोय, दुसरा नवीन पान बघतोय, असं केलंत तर एका बैठकीत चार-पाच पानं आरामात होतात. दीडशेच्या दीडशे एकदम करायला बसू नका. ज्या किल्ल्यांवर इतर कोणीच धड लिहिलेलं नाही ते आधी घ्या. रायगडाची माहिती शंभर ठिकाणी मिळेल, सातमाळा रांगेतल्या किंवा बागलाणातल्या आडबाजूच्या एखाद्या किल्ल्याची कदाचित फक्त तुमच्याकडेच असेल.

आणि आता डेव्हलपरचे नव्वद हजार. रक्कम बरोबर का चूक हे मी सांगणार नाही, काम बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण त्याला एक प्रश्न विचारा, नवीन साईट झाल्यावर जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता चालेल का? तो म्हणाला होमपेजवर नेऊन सोडू, तर त्याला काम देऊ नका. एकतर पत्ता तोच राहिला पाहिजे, नाहीतर जुन्या पत्त्यावरून नेमक्या त्याच किल्ल्याच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (आपोआप, कायमचं पुढे पाठवणं) पाहिजे, आणि त्याची यादी त्याने लेखी दिली पाहिजे. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच याच्यावर लेख लिहिला होता, की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि पत्ता मोडतो तो आपोआप मोडत नाही, कोणीतरी माणूस मोडतो. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये अभ्यास छापला त्यात २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यातली किती 'नवीन डिझाईन केलं' म्हणून गेली असतील याचा विचार करा. मोबाईलवर वाचता येणं हवंच, पण त्यासाठी बहुतेक वेळा साधी हलकी थीम आणि जुन्या पानांच्या टेबलांची थोडी डागडुजी पुरते. सरकते फोटो आणि उघडणारे दरवाजे नकोत, गडाच्या पायथ्याशी रेंजची एक काडी असलेल्या माणसाला तुमचं पान उघडता आलं पाहिजे.

यापुढे जे लिहितेय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही डेव्हलपरला करता येणार नाही. साईट सांभाळणं म्हणजे प्लगइन अपडेट करणं एवढंच नाही, लिहिलेलं अजून खरं आहे का ते बघत राहणं. तुमचं इर्शाळगडाचं पान उघडून बघा. त्या काळी लिहिलेल्या बहुतेक माहितीत असतं की वाटेत इर्शाळवाडी लागते, तिथे जेवणाची, राहायची सोय होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. तुमच्या पानावर अजून तिथे जेवायची सोय आहे असं लिहिलेलं असलं, तर ते फक्त जुनं झालंय असं म्हणून सोडता येत नाही, तिथे माणसांचे जीव गेले आहेत. हे पान सगळ्यात आधी दुरुस्त करा, फॉन्टच्याही आधी. कोहोज, अशेरी, तांदूळवाडी, अर्नाळा तुमच्याकडे ठाणे जिल्ह्यात असतील, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं बदलली, नवीन नाव घाला पण जुनंही पानात कुठेतरी राहू द्या कारण लोक दोन्ही नावांनी शोधतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, या पानांवर आता नवखे लोक जास्त येणार.

एसटीच्या वेळा मात्र पानावर ठेवूच नका. त्या तुम्ही कधीच सांभाळू शकणार नाही. कुठल्या डेपोतून कुठल्या गावाची गाडी धरायची एवढं लिहा, वेळ डेपोत विचारा म्हणा. फोन नंबरचंही तेच, वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी जेवलात त्यांचा नंबर आज कोणाकडे लागेल काय माहीत.

प्रत्येक पानावर वरच एक ओळ घाला, 'शेवटचं तपासलं', पुढे महिना आणि वर्ष. ही ओळ खरी ठेवा, फक्त टायपो सुधारला म्हणून तारीख बदलायची नाही, कोणीतरी जाऊन आल्यावरच बदलायची. टाक्याचं पाणी डिसेंबरात पाहिलेलं असेल तर तसं लिहा, कारण एप्रिलमध्ये त्याच टाक्याच्या भरवशावर एकच बाटली घेऊन चढणारा माणूस अडचणीत येतो. आणि जुनं वर्णन पुसून टाकू नका. '२००६ साली पाहिलं तेव्हा' म्हणून खाली राहू द्या. तेव्हा उभा असलेला दरवाजा, तेव्हाची पडकी तटबंदी, आत्ता केलेली दुरुस्ती, हे सगळं तुमच्या त्या छोट्याशा, आजच्या मानाने धूसर फोटोंत आहे आणि पुन्हा कोणालाही काढता येणार नाही. त्या फोटोखाली साल टाका, कुठून काढलाय ते टाका.

नवीन मुलांचं इन्स्टाग्राम. त्यांना नाही म्हणू नका, पेज काढू दे, लोक तिथेच आहेत हे खरंय. पण माहिती तिथे ठेवायला नको, तिथून साईटवर यायची वाट ठेवा. तुमच्या पिढीच्या ट्रेकर्सनी ऑर्कुटच्या कम्युनिटीत किती लिहिलं होतं आठवत असेल, ते २०१४ ला बंद झालं. फोटो ठेवायचे पिकासाचे वेब अल्बम २०१६ ला गेले. फुकट वेबसाईट बनवू देणारं याहूचं जिओसिटीज तर २००९ लाच. या सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या सेवा होत्या, आणि या सगळ्यातून तुमची साईट मात्र टिकली, एकट्याने सहा महिन्यांतून एकदा बघूनसुद्धा! एआयचं म्हणाल तर तेही कुठेतरी कोणीतरी लिहिलेलं वाचूनच सांगतं, आडवळणाच्या किल्ल्याबद्दल तुमच्यासारख्यांनी लिहिलेलं नसेल तर ते अंदाजाने सांगेल, आणि घाटवाटेत अंदाजाने सांगितलेला रस्ता काय करू शकतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही समजा मन लावून प्रयत्न केला आणि कोणीच हाताशी आलं नाही, तर? तेव्हाही बंद करायची नाही, गोठवायची. वर्डप्रेस काढून सगळ्या पानांची साधी एचटीएमएल, म्हणजे तयार फाईल्स, बनवून घ्या, पत्ते तेच ठेवून. अशा साईटला डेटाबेस नाही, प्लगइन नाही, त्यामुळे हॅक व्हायची भीती जवळपास जाते आणि खर्च फक्त डोमेन आणि थोड्याशा जागेचा. नव्वदच्या दशकातली साधी एचटीएमएल पानं आजच्या ब्राउझरमध्ये अजून नीट उघडतात. वर ठळक लिहा की ही माहिती अमुक सालापर्यंतची आहे. शिवाय जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' म्हणून सोय आहे, तिथे एकेक पत्ता टाकून पानं जतन करता येतात, ते तर आजपासूनच करा, कोणी हाताशी आलं तरी करा.

पण मला वाटतं कोणीतरी येईल. तुम्ही मुलांना आजवर 'साईट सांभाळा' असं म्हणाला असाल, आणि दीडशे पानांचं ओझं बघून कोणीही मागे सरेल. त्याऐवजी रविवारी जो किल्ला करून आलात त्याच किल्ल्याचं पान त्या मुलांपैकी एकाच्या हातात द्या, काय बदललंय ते त्याला लिहू द्या, पानाखाली त्याचं नाव येऊ द्या. त्याला एडिटरचं लॉगिन द्या, ॲडमिनचं नको. दोन-चार ट्रेकनंतर कोणाला यात खरा रस आहे ते आपोआप दिसेल. मग त्या एकाला बसवून सगळं दाखवा, डोमेन कुठे आहे, कधी रिन्यू होतं, होस्टिंग कोणाकडे, बॅकअप कुठली डिस्क. हे कागदावर लिहून एक प्रत त्याच्याकडे, एक घरच्यांकडे ठेवा. बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी लावतो तसा साईटलाही लावायचा, तुम्ही धडधाकट असतानाच.

क्रम विचाराल तर या आठवड्यात मित्राचा फोन, बॅकअप आणि इर्शाळगडाचं पान. या महिन्यात हॅकिंगची सफाई, पीएचपी, एसएसएल. पावसाळ्याआधी ज्या किल्ल्यांवर गर्दी होते त्यांची पानं तपासून घ्या, दिवाळीनंतर शिवाजी फॉन्टची पानं घ्यायला लागा, महिन्याला दहा झाली तरी पुष्कळ. डेव्हलपरला फोन करून सांगा की पूर्ण नवीन नकोय, सफाई, मोबाईलवर वाचता येईल अशी थीम आणि रीडायरेक्टची यादी एवढ्याचाच आकडा दे. तो आकडा आल्यावर हवं तर मला परत लिहा, आपण बघू.